उकिरड्याची ऊब

पौषातली पहाट. धारवाडची थंडी हाडं गोठवणारी नसते, पण अंगणात उतरली की ऊन चढेपर्यंत हलत नाही. अशा वेळी चहाच्याही आधी मी परसात जाते. तिथे बांबू आणि जाड प्लॅस्टिकच्या कागदाचं एक बुटकं खोपट आहे. पडदा बाजूला केला की चष्म्यावर वाफ धरते. आत शेगडी नाही, विजेचा दिवा नाही. आहे तो एक उकिरडा. आमच्या इकडे कानडीत त्याला तिप्पे म्हणतात. कमरेइतका उंच, वर चार बोटं माती आणि त्या मातीवर मांडलेल्या ट्रेमध्ये मिरची-वांग्याचं तरू. बाहेरच्या वाफ्यात टाकलेलं बी या दिवसांत रुसून बसतं. मिरचीला नीट उगवायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते; इथे ती तिला खालून मिळते.

मी ढिगात हात खुपसते. मनगटापर्यंत ऊब, कोपरापर्यंत चटका. पंधरा दिवसांपूर्वी हा ढीग रचला, तेव्हा यातली एकही वस्तू गरम नव्हती. शेण थंड होतं, भाजीची देठं थंड होती, आंब्याचा वाळला पाला थंड होता. मग ही ऊब आली कुठून?

ती आली जगण्यातून. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू हे सगळं खातात, श्वास घेतात, आणि जेवलेल्या अंगात जशी ऊब तयार होते तशी त्यांच्यापासूनही होते. दोन-चार दिवसांत ढिगाचा गाभा ५५ ते ६५ अंशांवर जातो. त्या आचेत तणाचं बी आणि रोगाचे जंतू बहुतेक मरतात. मात्र ढिगाचं पथ्य पाळावं लागतं. वाळलेलं आणि ओलं, दोन्ही हवं. नत्राच्या एका भागामागे कर्बाचे सुमारे तीस भाग. ओल हवी, पण मुठीत पिळल्यावर जेमतेम थेंब यावा इतकीच. आत हवा खेळायला हवी, नाहीतर ऊब जाते आणि दुर्गंधी येते. शिवाय आकार हवा. टोपलीभर कचरा कुजतो, पण तापत नाही. लांबी, रुंदी, उंची निदान मीटरभर झाली की मगच ऊब आत टिकते. ताजा ढीग अमोनिया सोडतो, तोवर रोपं आत आणायची नाहीत. त्या वासाने ती करपतात. पहिला जोर ओसरला की ट्रे मांडायचे.

ही युक्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतीचे भाजीवाले घोड्यांच्या लिदीचे वाफे रचत, त्यांवर काचेच्या हंड्या पालथ्या घालत आणि ऐन हिवाळ्यात शहराला कोवळी पालेभाजी पुरवत. लीद त्याच शहरातल्या घोड्यांची. पुढे १९७०च्या दशकात फ्रान्सच्याच प्रोव्हान्स भागात झाँ पँ यांनी रानातल्या झुडपांचा भुगा करून मोठे ढीग रचले, त्यांत नळी फिरवली आणि नळीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं.

आणि आपल्या इंदूरला, १९२४ ते १९३१ या काळात, अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताचा ढीग रचण्याची पद्धत बसवली. पिकांचा पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर; तीनदा उलथापालथ; तीन महिन्यांत खत तयार. १९३१ साली या पद्धतीवर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचं नाव आहे. सेंद्रिय शेती करणारे जगभर हॉवर्ड यांचं नाव घेतात. वाड यांचं नाव आपण तरी घ्यावं. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, अशी आपली म्हण. या दोघांनी ती मुदत तीन महिन्यांवर आणली.

हुबळी-धारवाडला तर हे कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. इथे कचऱ्याच्या डेपोवर कुजलेल्या कचऱ्याच्या खड्ड्यांचे लिलाव होत आणि आसपासच्या गावांतले शेतकरी बोली लावून ते खत नेत. आपण घराबाहेर टाकलेल्या वस्तूला कोणी पैसे मोजत होतं. शेतातली भाजी शहरात यायची, तिची सालं खत होऊन शेताकडे परत जायची. मग त्या कचऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, काचा आल्या, दवाखान्यांतल्या सुया आल्या. ते सगळं वेचायची मजुरी शेतकऱ्याच्या अंगावर पडू लागली आणि खड्ड्यांना गिऱ्हाईक उरेना. शेणात हात घालणाऱ्या माणसाला घाणीची किळस नसते. आपला निष्काळजीपणा मात्र त्याला परवडला नाही. शहर आणि शेत यांच्यामधली देवघेव तिथे तुटली, आणि ती आपल्या हातून तुटली.

आमची आजी दिवाळीत एक पणती उकिरड्यावर लावून यायची. देव्हाऱ्यात, तुळशीपाशी, गोठ्यात आणि मग तिथे. लहानपणी मला प्रश्न पडायचा, तिथे कसला दिवा? आज या खोपटात हात ढिगात घालून उभी राहते तेव्हा उत्तर मिळतं. घरात जे ताटात येतं, त्याची सुरुवात तिला तिथे दिसत असे.

२०१६च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणं बंधनकारक केलं. पण हे काम कायद्याच्या धाकाने करण्याइतकं कोरडं नाही. घेतलेलं चांगल्या स्थितीत परत करावं, एवढाच त्याचा अर्थ आहे. उसनी आणलेली वाटी आपण घासूनच परत देतो ना?

आज भाजी चिराल तेव्हा सालं आणि देठं वेगळ्या भांड्यात टाका. त्यात पिशवी नको, टाचणी नको, काचेचा कण नको. परस असेल तर ढीग रचा. नसेल तर नेणाऱ्याच्या हाती ते स्वच्छ द्या. कुठेतरी कोणाच्या मिरचीचं बी त्या उबेची वाट पाहत आहे.