ताळेबंदामागची जमात

तिमाहीचा नफा किती झाला हे कंपनीत सगळ्यात आधी कोणाला कळतं? अध्यक्षांना नाही. पुष्कळदा सीएफओंनाही नाही. ते कळतं फायनान्सच्या एखाद्या कोपऱ्यात बसणाऱ्या अशा माणसाला, ज्याचं पद कंपनीच्या रचनेत कुठे बसवायचं हे एचआरला कधीच नीट ठरवता आलेलं नसतं. शाखांचे आणि उपकंपन्यांचे आकडे गोळा करणारी, त्यांचा एकत्रित हिशेब लावणारी, पुढल्या वर्षाचं बजेट आणि दर महिन्याचा सुधारित अंदाज सांभाळणारी जी प्रणाली असते, ती हा माणूस चालवतो. या धंद्याचं पूर्ण नाव एंटरप्राइझ परफॉर्मन्स मॅनेजमेंट. धंद्यातले लोक नुसतं ईपीएम म्हणतात, आणि त्यातले जुनेजाणते अजूनही एका जुन्या सॉफ्टवेअरच्या नावानं 'हायपेरियन'च म्हणतात, मग समोर कुठलंही सॉफ्टवेअर असो.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत अशी माणसं सेबीच्या 2015 सालच्या इनसायडर ट्रेडिंग नियमांच्या कक्षेत येतात. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन 48 तास उलटेपर्यंत त्यांना आपल्याच कंपनीचा एक शेअर घेता येत नाही की विकता येत नाही. घरच्यांनी 'यंदा बोनसचं काय?' असं सहज विचारलं तरी विषय बदलावा लागतो. माहिती सगळी, अधिकार काहीच नाही. पोटात ठेवायची सवय लागलेला, बोलताना 'माझ्या अंदाजानं' अशी सुरुवात करणारा आणि गर्दीत उठून न दिसणारा स्वभाव या नोकरीतून घडतो. की मुळात तशाच स्वभावाची माणसं इकडे वळतात, कोण जाणे.

इथे येण्याच्या वाटा दोन. एक सीए किंवा सीएमए झालेल्यांची, ज्यांना एक्सेलची गोडी लागली आणि मग परतता आलं नाही. दुसरी इंजिनिअरांची, ज्यांना कोणीतरी 'डेबिट म्हणजे काय' हे पहिल्याच प्रोजेक्टवर घाईघाईनं शिकवलं. काही वर्षांनी दोघांत फरक उरत नाही. आयटीवाले त्यांना फायनान्सचे समजतात आणि फायनान्सवाले आयटीचे. चहाला दोन्हीकडून बोलावणं येतं; वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी मात्र दोन्हीकडचे हात वर करतात.

काम नेमकं काय असतं ते जवळून बघू. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची जर्मनीत उपकंपनी आहे असं समजा. 30 मार्चला चाकणहून तिच्याकडे 4 कोटींचा माल निघाला. इथल्या पुस्तकात विक्री नोंदली गेली. माल अजून जहाजावर, म्हणून तिथल्या पुस्तकात खरेदी चढली एप्रिलमध्ये. पूर्ण समूहाचा विचार केला तर ही विक्रीच नव्हे. या खिशातला पैसा त्या खिशात गेला, एवढंच. म्हणून एकत्रित हिशेबात दोन्ही नोंदींनी एकमेकींना खोडून टाकायला हवं. पण खोडणार कसं? एका बाजूला 4 कोटी आहेत, दुसऱ्या बाजूला शून्य. शिवाय न विकल्या गेलेल्या त्या मालात चाकणनं धरलेला नफा दडलेला आहे, तोही काढायला हवा. वर जर्मन पुस्तकं युरोत. नफातोट्याच्या रकमा वर्षाच्या सरासरी दरानं रुपयांत आणायच्या, ताळेबंदातली मालमत्ता आणि देणी 31 मार्चच्या दरानं, आणि या दोन दरांमुळे जो फरक उरतो तो वेगळ्या राखीव खात्यात टाकायचा. अशा उपकंपन्या एकाऐवजी साठ असतील, तर महिनाअखेर कशी जात असेल याची कल्पना येईल.

सगळं करून शेवटी 11 हजार रुपयांचा फरक उरतो. हजारो कोटींच्या उलाढालीत 11 हजार म्हणजे काहीच नाही. लेखापरीक्षकही त्यावर अडून बसणार नाही. पण या जमातीतला अस्सल माणूस तो फरक सोडत नाही, आणि त्यामागे नुसता हट्ट नसतो. 11 हजारांचा फरक ही 11 हजारांची एक चूक असेलच असं नाही. 3 कोटींच्या दोन चुका उलटसुलट बसून एकमेकींना जवळजवळ झाकत असतील, आणि त्यांचं शेपूट तेवढं बाहेर राहिलं असेल. मोठा फरक कोणालाही दिसतो. लहान फरकाला घाबरणं हे मात्र शिकवून येत नाही.

बजेटचा भाग याहून मानवी. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून प्रत्येक विभागप्रमुख पुढल्या वर्षाचे आकडे भरू लागतो. विक्रीवाला उद्दिष्ट कमी लिहितो, खर्चवाला खर्च जास्त लिहितो; दोघेही हातचा राखून असतात आणि वर बसलेल्यांना ते पक्कं माहीत असतं. मग वरून एकजात 10 टक्के कापले जातात, म्हणून पुढल्या वर्षी खालचे आधीच 10 टक्के वाढवून लिहितात. या वार्षिक नाटकाला कंटाळून जेरेमी होप आणि रॉबिन फ्रेझर या दोघांनी 2003 साली 'बियाँड बजेटिंग' हे पुस्तक लिहिलं आणि ठरीव वार्षिक बजेट मोडीतच काढावं असं सांगितलं. बजेट काही गेलं नाही. ईपीएमवाला माणूस मात्र या नाटकाचा एकमेव प्रेक्षक असतो, कारण कोणी कोणता आकडा रात्री पावणेबाराला बदलला याची नोंद त्याच्या पडद्यावर असते. कोण धाडसी, कोण भित्रा, कोण बेमालूम खोटं बोलतो, हे त्याला एचआरपेक्षा जास्त ठाऊक असतं. तो ते बोलत नाही, हा त्याचा मोठेपणा. आणि कधीच बोलत नाही, हे कंपनीचं नुकसान.

हे काम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं एक जुनं नाव कोणा फायनान्सच्या पंडितानं घडवलेलं नाही. अमेरिकेत एक्सॉन कंपनीत लिली व्हेली यांनी नियोजनाची जुनी, खर्चिक प्रणाली बदलायची कल्पना मांडली आणि मॅनी पेरेझ यांनी तिचा नमुना बनवायला घेतला. पेरेझ यांच्या लक्षात आलं, की लोकांना आकडा बदलून लगेच परिणाम बघायचा असेल तर विदा डिस्कवर ठेवून भागणार नाही, ती संगणकाच्या मेमरीतच हवी. मेमरी महाग असण्याच्या काळात हा विचार उधळेपणाचा वाटला असणार. 1984 साली त्यांनी सिनपर कंपनी काढली आणि टीएम1 हे सॉफ्टवेअर बाजारात आलं. आज ते आयबीएमच्या छत्राखाली चालतं.

दुसरं नाव एसबेसचं. ते बनवणारी, जिम डोरियन आणि बॉब अर्ल यांची आर्बर सॉफ्टवेअर ही कंपनी 1991 सालची. अर्ल यांना जे दिसलं ते सांगायला सोपं आहे. 1,000 वस्तू, 500 ग्राहक, 50 शाखा, 12 महिने आणि 200 खाती घेतली तर आकड्यांची घरं होतात 6,000 कोटी. पण प्रत्येक ग्राहक प्रत्येक शाखेतून प्रत्येक वस्तू घेत नाही, म्हणून त्यातली बहुतेक घरं कायम रिकामी असतात. मात्र जिथे व्यवहार झाला तिथे बाराही महिने आणि बरीचशी खाती भरलेली सापडतात. म्हणजे वस्तू, ग्राहक, महिने अशा या मितींपैकी काही दाट, काही विरळ. दाट मितींचा एक ठोकळा करायचा आणि विरळ मितींचा जो मेळ प्रत्यक्ष घडला असेल तेवढ्यापुरताच तो ठोकळा साठवायचा. 1994 साली या रचनेचं पेटंट मिळालं. एखादी मिती दाट ठेवायची की विरळ, एवढ्या एका निर्णयावर रात्रभर चालणारी आकडेमोड अर्ध्या तासावर येते किंवा अर्ध्या तासाची रात्रभर चालते. हा निर्णय बरोबर घेण्यावर दोन पिढ्यांची करिअर उभी राहिली.

याच आर्बरच्या इतिहासात एक अवघड प्रसंग आहे. रिलेशनल डेटाबेसचे जनक एडगर कॉड यांनी 1993 साली सहकाऱ्यांसह एक निबंध लिहून विश्लेषणाच्या प्रणालींसाठी 12 नियम मांडले. ट्युरिंग पुरस्काराचा मानकरी बोलतोय म्हटल्यावर सगळ्यांनी कान टवकारले. नंतर उघड झालं, की त्यासाठी आर्बरनं पैसे दिले होते. आणि एसबेस त्या नियमांत चपखल बसत होतं. 'कम्प्युटरवर्ल्ड' या नियतकालिकानं त्यावर छापलेला लेख मागे घेतला. माझ्या मते त्यातले बरेच नियम शहाणपणाचे होते. पण या धंद्याच्या जन्मदाखल्यावरच विक्रेत्याचा शिक्का आहे, आणि तो अजून पुसलेला नाही. कोणी सल्लागार 'तुमच्यासाठी हेच सॉफ्टवेअर योग्य' असं सांगत असेल, तर त्याची कोणाशी भागीदारी आहे ते आधी विचारावं.

पुढचा इतिहास खरेदीविक्रीचा. 1998 साली आर्बर आणि हायपेरियन एक झाल्या. 2007 या एका वर्षात ओरॅकलनं 3.3 अब्ज डॉलरला हायपेरियन घेतली, एसएपीनं आउटलुकसॉफ्ट घेतली आणि बिझनेस ऑब्जेक्ट्स घेत असल्याचं जाहीर केलं, टीएम1 कॉग्नॉसकडे गेलं आणि कॉग्नॉसला घेत असल्याचं आयबीएमनं जाहीर केलं. छोट्या कंपन्यांचं हे गाव तीन सावकारांनी आपसात वाटून घेतलं. पण सावकारांना उत्पादनं विकत मिळाली, माणसं नाही. टॉम शे यांनी आपली अपस्ट्रीम ही कंपनी हायपेरियनला विकली होती. पुढे बॉब पॉवर्स आणि क्रेग कोल्बी यांच्या साथीनं त्यांनी वनस्ट्रीम उभी केली, आणि जुन्या हायपेरियनचेच ग्राहक तिकडे वळू लागले. 2024 साली ती नॅसडॅकवर आली. ब्रिटनमध्ये ॲडेटम या कंपनीचं सॉफ्टवेअर घडवणारे मायकेल गूल्ड ती कंपनी कॉग्नॉसच्या पदरात पडल्यावर यॉर्कशरमधल्या एका गोठावजा कोठारात बसले आणि नव्यानं सगळं लिहून काढलं. त्याचं ॲनाप्लॅन झालं. नावं बदलत गेली, पाट्या बदलल्या. प्रश्न तेच आणि माणसंही बरीचशी तीच.

आता पुण्याकडे या. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांची महिनाअखेर रात्री उशिरा चालते. 'डब्ल्यूडी 3' म्हणजे महिन्याचा तिसरा कामाचा दिवस, हे इथल्या कित्येक घरांतल्या मुलांनाही कळतं, कारण त्या दिवशी आई किंवा बाबा जेवायला ताटावर नसतात. ही माणसं हुशार आहेत, चिवट आहेत. पण शे किंवा गूल्ड यांनी कंपनीतून बाहेर पडताना सोबत प्रश्न नेला. आपल्याकडे माणूस कंपनी सोडताना सोबत नेतो उत्पादनाचं नाव आणि आवृत्ती. 'हायपेरियन प्लॅनिंग, 8 वर्षं' असं बायोडेटावर लिहिलं की तीच त्याची जात होते. 2014 पासून ओरॅकलनं हे काम क्लाउडवर न्यायला सुरुवात केली, तेव्हा सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवणं आणि दुरुस्त करणं एवढंच येणाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांची चूक काहीच नव्हती. बाजारानं त्यांना त्याच कामाचे पैसे दिले होते.

याला दुसरीही बाजू आहे, आणि ती आपल्याला थोडी लागणारी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण या धंद्यात आपण फार मनावर घेतली. आकडेमोडीची स्क्रिप्ट लिहायची, तिच्यात एक ओळीचीही टीप ठेवायची नाही, आणि काम दुसऱ्याकडे सोपवताना, म्हणजे केटीच्या वेळी, 'काही अडलं तर फोन कर' म्हणायचं. अशा माणसाला वाटतं आपण अपरिहार्य झालो. होतोही. मग त्याला गणपतीत गावी जायची रजा मिळत नाही, बढती मिळत नाही, कारण त्याला त्या खुर्चीवरून हलवण्याची कोणाची छाती होत नाही.

उलट ज्यांची नावं या धंद्यात आदरानं घेतली जातात, त्यांनी मूठ उघडली. एडवर्ड रोस्के आणि ट्रेसी मॅकमलन यांनी 'लुक स्मार्टर दॅन यू आर' या मालिकेतून एसबेस नवख्यांना समजेल असं मांडलं. कॅमेरॉन लॅकपूर यांनी एकमेकांचे स्पर्धक असलेल्या जाणकारांना एकत्र आणून 'डेव्हलपिंग एसबेस ॲप्लिकेशन्स' हा ग्रंथ 2012 साली संपादित केला. केस्कोप या वार्षिक संमेलनात लोक आपली युक्ती भर सभेत उलगडून सांगतात आणि तीच युक्ती उद्या समोरचा आपल्याविरुद्ध वापरणार हे त्यांना माहीत असतं. निव्वळ परोपकार नव्हे हा. तासाच्या दरानं पैसे घेणारी माणसं फुकट शिकवतात तेव्हा त्यात जाहिरात असते, थोडी मिरवायची हौसही असते. असेना. पण लिहिताना त्यांना स्वतःलाच ते नीट समजून घ्यावं लागलं, आणि उत्पादन बदललं तेव्हा ती समज त्यांच्याकडे शिल्लक राहिली. मूठ झाकून बसलेल्यांकडे शिल्लक राहिला फक्त पासवर्ड.

म्हणून या वाटेवर येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना एकच सांगणं आहे. प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी भरण्याआधी उपकंपन्या असलेल्या कुठल्याही नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या; तो फुकट मिळतो. त्यात मूळ कंपनीचे हिशेब असतात, समूहाचे एकत्रित हिशेब असतात, आणि एओसी-1 नावाच्या तक्त्यात प्रत्येक उपकंपनीची उलाढाल वेगळी दिलेली असते. मूळ कंपनीची आणि सगळ्या उपकंपन्यांची उलाढाल कागदावर बेरीज करून बघा. ती एकत्रित आकड्याशी जुळणार नाही. का जुळत नाही, हे घरातल्या कोणालाही समजेल असं एका पानात लिहून काढा. ते जमलं, की मग खुशाल फी भरा.