दान कोठे संपते?

गेल्या काही वर्षांत आमच्या देवस्थानांच्या वार्षिक सभांतून एक नवा विषय येऊ लागला आहे. पालखीचे रुपे, अग्रशाळेची कौले, जत्रेचा मंडप हे नित्याचे विषय संपत आले, की कोणीतरी उठून गावच्या शाळेस संगणक द्यावेत असा ठराव मांडतो. त्यास तत्काळ अनुमोदन मिळते आणि सभा समाधानाने उठते. विद्यादानाचा ठराव नाकारणार कोण? आम्हीही तो कधी नाकारला नाही. मात्र त्या ठरावाने आमचे कर्तव्य नेमके किती पार पडते, हा प्रश्न आम्ही फार उशिरा विचारला. तोच आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

तो सुचण्यास कारण घडले ते असे. आम्ही ज्या समितीत बसत होतो, तिने देवस्थानच्या निधीतून एका शाळेस पाच संगणक दिले. नारळ वाढविला, झेंडूच्या माळा घातल्या, भाषणे झाली, भिंतीवर दात्यांच्या नावांचा संगमरवरी फलक बसला. दोन पावसाळे लोटल्यावर अन्य कामानिमित्त आम्ही त्या शाळेत गेलो. संगणकांच्या खोलीस कुलूप होते आणि किल्ली सापडण्यास पाव तास लागला. आत पाचही यंत्रे शिवलेल्या आवरणांखाली झाकलेली होती. त्यांवर दसऱ्यास वाहिलेली फुले सुकून गेली होती. तीन यंत्रे दमट हवेने बिघडलेली. इंटरनेटचे मासिक शुल्क कोणी भरावयाचे हे न ठरल्यामुळे जोडणीही तुटलेली. शाळेतील बाई संकोचून म्हणाल्या, "मुलांनी मोडले असते तर तुम्हांला काय तोंड दाखविले असते?" फलक मात्र लखलखीत होता. तो दर आठवड्यास पुसला जात होता.

त्या बाईंचा दोष नव्हता. आम्ही वस्तू अशा थाटाने दिली होती, की तिला हात लावणे हाच अपराध वाटावा. शिकण्याचे साधन देऊ म्हणून गेलो आणि एक मूर्ती बसवून आलो. तीही नित्यपूजेची कसलीच सोय न करता!

हे शब्द आम्ही विचारपूर्वक योजितो. देवळाच्या व्यवहारात वाढलेल्या माणसास एक गोष्ट सांगावी लागत नाही: प्रतिष्ठा एका दिवसाची असते, पूजा रोजची असते. म्हणूनच आमच्या पूर्वजांनी देवालय उभारताना केवळ गर्भगृह बांधले नाही. नंदादीपाच्या तेलासाठी कुळागर लावून दिले, नैवेद्यासाठी शेत तोडून दिले, पुजाऱ्याचे वर्षासन बांधले, वाजंत्र्याचा वाटा ठरविला. दिवा लावणाऱ्याचे नाव विसरले जाईल, पण तेल संपता कामा नये, हा त्यांचा हिशेब होता. जी दूरदृष्टी एका समईसाठी दाखविली गेली, ती मुलांच्या विद्येसाठी आम्ही का दाखवू नये?

येथे एक नैतिक पेच उभा राहतो. आपल्या परंपरेत दानाचे लक्षण त्याग हे आहे. आहुती देताना 'न मम' म्हणावयाचे. वस्तू हातातून सुटली की तिच्यावर आपला अधिकार उरत नाही. दिलेल्यावर नजर ठेवणारा दाता हलका समजला जातो. मग संगणक दिल्यावर तो वापरला जातो की नाही हे पाहावयास पुन्हा पुन्हा जाणे म्हणजे दानास डाग लावणे नव्हे काय? आमच्या कित्येक सत्प्रवृत्त महाजनांचे मत असेच आहे. दिले, विषय संपला.

आमच्या मते येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. 'न मम' हे स्वामित्वाविषयी आहे, उत्तरदायित्वाविषयी नव्हे. कन्येचा विवाह झाल्यावर पित्याचा अधिकार संपला असे जुन्या काळी मानीत. परंतु तिच्या सुखदुःखाची चिंताही संपली, असे कोणत्याही काळी कोणी मानले नाही. अधिकार सोडावा आणि काळजी ठेवावी, हेच खरे कठीण दान होय. आम्ही त्या शाळेत नेमके उलटे केले. भिंतीवर नाव कोरून अधिकार ठेवला आणि काळजी सोडून दिली.

हा अनुभव आमच्या एकट्याचा नाही. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' ही जगभर गाजलेली योजना २००५ मध्ये जाहीर झाली. २००७ साली तिची यंत्रे रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेतही आली. त्याच योजनेखाली पेरू देशाने आपल्या खेड्यांतील शाळांना लक्षावधी यंत्रे दिली. ३१९ शाळांची पाहणी करून २०१२ मध्ये जो अहवाल निघाला, त्यात मुलांची काही बौद्धिक कौशल्ये वाढल्याचे दिसले. परंतु गणित व भाषा या विषयांत कोणतीही प्रगती आढळली नाही. यंत्र पोहोचले होते, शिकविण्याची घडी बदलली नव्हती. दिल्लीच्या कालकाजी भागात १९९९ च्या प्रजासत्ताकदिनी भिंतीत बसविलेल्या संगणकाची कथा अनेकांनी ऐकली असेल. झोपडवस्तीतील मुले कोणी न शिकविता तो चालवू लागली, ही गोष्ट खरी आणि आनंदाची आहे. परंतु तशाच प्रकारची अल्मोड्याकडील केंद्रे पुढे बंद पडून गेल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदलेले आहे. मुलाचे कुतूहल दिवा पेटवू शकते. तेल घालणे हे मोठ्यांचे काम आहे.

याच्या उलट केरळचे उदाहरण पाहावे. तेथे २००१ पासून शाळांतील संगणकशिक्षणाचा उपक्रम चालू आहे. त्या राज्याने यंत्रांइतकाच भर शिक्षकांच्या प्रशिक्षणावर दिला, मुक्त संगणकप्रणाली स्वीकारली, आणि २०१८ पासून मुलांचीच मंडळे स्थापून यंत्रांची देखभाल व उपयोग यांत त्यांस भागीदार केले. 'मुले मोडतील' या भीतीवर याहून चांगला उपाय आम्हांस दिसत नाही. जो दुरुस्त करावयास शिकतो, त्यास मोडण्याचे भय राहत नाही.

गोमंतकातही सरकारने आपला वाटा अगदीच उचलला नाही असे नव्हे. २००२ मध्ये 'सायबरएज' योजनेखाली उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांस संगणक देण्यास आरंभ झाला. त्याआधीच, १९९६ च्या सुमारास, येथील व परदेशस्थ गोमंतकीयांनी मिळून शाळांसाठी संगणक मिळविण्याचा एक प्रकल्प हाती घेतला होता. परदेशात वापरून झालेली यंत्रे आणून, त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवून ती शाळांस देण्यात आली. महाराष्ट्रात २०१५ नंतर जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा ग्रामस्थांच्या वर्गणीतून 'डिजिटल' झाल्या. आणि त्यांतल्या कित्येकींचा पडदा वीजबिल थकल्यामुळे काळा पडला. वर्गणी काढून यंत्र आणणे आपल्या समाजास साधते. दरमहाचे बिल भरणे साधत नाही. उत्सव आपणांस येतो. नित्यकर्म जड जाते.

हे आमच्या रक्तातच आहे असे कोणी म्हणेल, तर त्यास उत्तर पणजीत आहे. १९०८ मध्ये तेथे मराठी शिक्षणासाठी जी संस्था निघाली, तिचे नाव मुष्टिफंड. घरोघरी रोजच्या तांदळांतून एक मूठ बाजूस काढावयाची आणि तिच्यातून शाळा चालवावयाची. परकी सत्ता, राजाश्रय नाही, अशा काळात ती मूठ पुरली, कारण ती रोजची होती. एखाद्या धनिकाने पोतेभर तांदूळ दिले असते, तर त्याचे नाव झाले असते, आणि पोते संपल्यावर शाळाही संपली असती. मूठ देणाऱ्या गृहिणीचे नाव कोणत्याही फलकावर नाही. पण चुलीपुढे उभी राहून ती रोज एकदा शाळेची आठवण करीत होती. समाजाची भागीदारी म्हणतात ती हीच होय, असे आम्हांस वाटते.

आता एक आक्षेप, जो आमच्या वडीलधाऱ्या वाचकांच्या मनात निश्चित आला असेल. इंटरनेटवर जे भलेबुरे आहे, ते देवस्थानाच्या पैशाने मुलांपुढे का मांडावे? आक्षेप पोकळ नाही. परंतु ते भलेबुरे मुलांच्या हाती केव्हाच पोहोचले आहे. घरातील भ्रमणध्वनीवर, रात्री, एकांतात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सांग्यासत्तरीकडची मुले अभ्यासासाठी डोंगरमाथ्यावर जाऊन संकेत शोधीत होती. ज्याच्यावाचून मुलाचे शिक्षण अडते, ते वर्ज्य ठरवून चालणार नाही. विहीर खोल आहे म्हणून पोहणे न शिकविणारा बाप मुलास वाचवीत नाही. चार मुलांनी एकत्र बसून, शिक्षकांच्या देखत, खरे कसे ओळखावे आणि खोटे कसे टाकावे हे शिकणे, यासाठी शाळेहून चांगली जागा कोणती?

दुसरा प्रश्न आम्हांस अधिक अस्वस्थ करितो. दान कोणाच्या मुलांस? आमच्या देवळांच्या आश्रयाने पूर्वी ज्या शाळा भरत, त्यांची आठवण आम्ही अभिमानाने काढतो. परंतु तेथील पायरी सर्वांस सारखी सुलभ नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आज आमची स्वतःची मुले बहुधा शहरातील चांगल्या शाळांत जातात. गावच्या शाळेत उरली आहेत ती गावडा, वेळीप, धनगर समाजांची आणि कामासाठी परप्रांतांतून आलेल्या मजुरांची मुले. त्यांच्यातील कित्येक आमच्या देवाची नव्हेत, आमच्या भाषेचीही नव्हेत. तेथेच आमच्या विद्यादानाची परीक्षा आहे. महाप्रसादास बसलेल्या पंक्तीत वाढताना हात आखडता घेणे यास आपण पंक्तिप्रपंच म्हणतो आणि ते पाप समजतो. विद्येच्या पंक्तीस तोच नियम लागू आहे. शेजारच्या इगर्जीतील मंडळींनीही मूठ घातली तर ती घ्यावी. तेलास धर्म नसतो.

मग करावयाचे काय? थोडकेच. ठराव करिताना यंत्रांच्या किमतीइतकीच रक्कम वीज, जोडणी व दुरुस्ती यांसाठी मुदतठेवीत ठेवावी. गावातील निवृत्त अभियंता, बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, महाविद्यालयात जाणारी मुलगी यांपैकी दोघांनी आठवड्याचा एक वार शाळेस द्यावा, आणि तेथे गेल्यावर शिक्षकांचा शब्द अखेरचा मानावा. सेवा करावयास जाऊन सत्ता चालवू नये. मोडतोड होणारच असे गृहीत धरावे. आणि फलक लावू नये.

आम्ही त्या शाळेत पुन्हा गेलो. तीनांपैकी दोन यंत्रे दुरुस्त झाली आहेत. आवरणे काढून बाईंच्या हाती दिली आणि किल्ली सातवीच्या वर्गाकडे असावी अशी विनंती केली. त्यांनी ती थोडी बिचकतच मान्य केली. फलक उतरविण्याचा विषय आम्ही समितीत मांडला. तो अद्याप मंजूर झालेला नाही. पाच संगणक देण्यास आम्हांस एक सभा पुरली. आपले नाव सोडण्यास किती सभा लागतील, हे आता पाहावयाचे आहे.