सोडता येईल अशी पकड

निवांत बसा. खांदे सैल सोडा. आज एक बाही पाहायची आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात शिवलेल्या रेशमी झग्याची. मनातच ती टेबलावर पसरा. आधी रंग पाहा, मग नजर घडीच्या कडेवर न्या. तिथं रेशीम नुसतं विरलेलं नाही, तडकलं आहे. सरळ, बारीक चिरा. एका दिशेचे धागे तुटून गेलेत, दुसऱ्या दिशेचे नुसते लोंबतायत.

हे कशानं झालं, यावर थोडं थांबा. कोशातल्या धाग्यावर नैसर्गिक चीक असतो. तो उकळून काढला की रेशीम मऊ होतं, चमकतं, पण वजन सुमारे पाव भागानं घटतं. आणि रेशीम तर वजनावर विकलं जायचं. म्हणून कारखान्यांनी गेलेलं वजन कथिलाच्या क्षारांनी भरून काढलं, पुष्कळदा त्याहून जास्तच. कापड हाताला भरीव लागू लागलं. तेच क्षार पुढं आतून धागा पोखरत राहिले. जिनं हौसेनं हा झगा अंगावर घातला, तिला यातलं काही दिसणं शक्य नव्हतं.

आता तुमचा हात सुईकडे जाईल. जाऊ द्या, पण तिथंच थोपवा. रफू धरायला धाग्यात जीव लागतो. इथं सुई जिथं शिरेल तिथं रेशीम मोडेल.

मग चिकटवणं उरतं. त्याची धास्ती वाटत असेल तर ती रास्त आहे. सेल्युलोज नायट्रेटचे डिंक एके काळी संग्रहालयांत सर्रास वापरले गेले. ते पिवळे पडतात, ठिसूळ होतात. पण त्याच सेल्युलोजची दुसरी रूपं सौम्य आहेत. कापूस जवळजवळ सगळा सेल्युलोजच, तरी पावसात भिजलेलं धोतर विरघळत नाही, कारण त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. त्यांच्यावर मिथाइल गट बसवले की ती मिठी सैल होते. मिळते एक पांढरी पूड, मिथाइल सेल्युलोज. ती गरम पाण्यात भुरभुरवा. विरघळत नाही, नुसती तरंगत, पसरत राहते. गार पाणी घाला, ढवळत राहा. पाणी निवत जाईल तशी पूड फुगते, गढूळपणा सरतो, काचेसारखा स्वच्छ गर तयार होतो. या कामात उतावीळपणा चालत नाही.

संशोधक रॉबर्ट फेलर आणि मायरन विल्ट यांचा सेल्युलोजच्या अशा रूपांवरचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात मिथाइल सेल्युलोज फार टिकाऊ ठरलं, त्याच कुळातलं हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज त्याच्या खाली. तरीही आपल्या बाहीसाठी मी हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोजच घेईन. ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि या रेशमाला, त्याच्या रंगाला पाणी सोसेलच असं नाही. टिकाऊपणा थोडा सोडून द्यायचा, कापडाला जपायचं. हा सौदा मला पटतो.

झिरझिरीत क्रेपलिन रेशमाला या द्रव्याचा पातळ थर देऊन वाळवलेलं आहे. तो तुकडा चिरेखाली सरकवा. चिमट्यानं एकेक धागा जागेवर आणा. ओढायचा नाही, नुसता वळवायचा. वरून अल्कोहोलची वाफ द्या, थर ओलसर झाला की काचेचं छोटं वजन ठेवा. श्वास सावकाश चालू द्या.

ही पकड दुबळी आहे, आणि ती दुबळीच हवी. हवा दमट-कोरडी होईल तसं रेशीम फुगेल, आक्रसेल. डिंक धाग्याहून बळकट असला तर तुटेल तो धागा. डिंक हळवा असला तर तो सुटेल, रेशीम वाचेल. सुटलेलं पुन्हा बसवता येतं. ‘कायमचं चिकटवलं’ याचा आपल्याला केवढा भरवसा वाटतो! या बाहीपुरता तो बाजूला ठेवून पाहा.

शेवटी नोंदीचा कागद घ्या. कोणतं द्रव्य, किती टक्के, कशात विरघळवलं, कुठल्या चिरेखाली, कोणत्या तारखेला, सगळं सुवाच्य लिहा. पुढं कधीतरी तुमच्याहून चांगला उपाय हाती असलेलं कुणी हे काम सोडवायला बसेल. त्यांना वाचता येईल असं लिहा.