बुद्धीची तालीम

शेळ्या विकून अथवा शेत गहाण टाकून मुलास लातुरास शिकवणीसाठी धाडावे काय, असा प्रश्न आमच्या खेड्यांतील पुष्कळ आईबापांपुढे आहे. पैशाचा विचार ज्याचा त्याने करावा. परंतु ज्या समजुतीवर तो खर्च होतो, ती तपासून पाहणे आपणां सर्वांस अगत्याचे आहे. समजूत अशी की, बुद्धी ही पैलवानाच्या दंडासारखी आहे. सरावास लावली म्हणजे ती हरएक कामास सारखीच बळकट होते.

लातुरात राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली निघाले. पुढे त्याच्या व तेथील इतर संस्थांच्या परिश्रमाने ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर झाले. परीक्षेमागून परीक्षा घ्यावी, चुका दाखवाव्या, पुन्हा परीक्षा घ्यावी, हे त्याचे सार. ही रीत फसवी आहे असे आम्ही म्हणत नाही. २०२५ सालच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. तेथे सरावावाचून शहाणाही गडबडेल. ज्या कामाचा सराव करावा, ते काम सुधारते. पण बहुधा तेवढेच.

अमेरिकेत पासष्टी गाठलेल्या व त्यापुढील २,८३२ माणसांवर केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. कित्येकांस स्मरणाचा, कित्येकांस तर्काचा, तर कित्येकांस त्वरेचा सराव दिला होता. ज्याने जे गिरविले त्यात तो पुढे गेला. स्मरण गिरविणाऱ्यांचा तर्क त्यायोगे वाढला नाही. हे समजावयास अमेरिकेस कशाला जावयास हवे? नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या जत्रेत मल्ल जोडीदाराचा डाव पापणी लवते न लवते तोच ओळखतो. पण पलीकडे जनावरांच्या बाजारात तोच मल्ल दलालाचा डाव ओळखीलच असे नाही.

मग शरीराच्या व्यायामाचा डोक्यास लाभ नाही काय? आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात १२० वयस्क माणसे होती. त्यांपैकी वर्षभर नेमाने चालणाऱ्यांच्या मेंदूतील, स्मरणाशी निगडित असा एक भाग सुमारे २ टक्के वाढला. केवळ अंग ताणणाऱ्यांचा तो घटला. वयस्कांवरून लेकरांविषयी अनुमान काढणे उतावळेपणाचे होईल, हे खरे. तथापि दोन वर्षे मुलाचे खेळणे बंद केल्याने त्याची बुद्धी वाढते, हे तरी कोणत्या आधारावर मानावे?

आम्हांस अधिक खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. निकाल लागतो, मुलगा कमी गुण घेऊन गावी परततो, आणि त्याच्या देखत लोक म्हणतात, “ह्याला डोकेच नाही.” बापही ते खरे मानून बसतो. वस्तुतः त्या परीक्षेने मोजली ती एका प्रकारची तयारी. समग्र बुद्धी मोजणारे माप तिच्यापाशी नव्हते. २०१६ साली लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात कोणती घागर पिण्यास, कोणती गुरांस, आणि धुण्याचे पाणी पुन्हा कशास वापरावे, हे ज्या बायांनी रोजच्या रोज ठरविले, त्यांच्या विचारास कोणी गुण दिले नाहीत.