मुईद : धडा पुन्हा सांगणारा

मदरशांच्या इतिहासात एक पद असे होऊन गेले, की ज्याचे नाव आज मदरशात शिकणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. ते पद म्हणजे ‘मुईद’. मुदर्रिस, म्हणजे मुख्य अध्यापक, धडा देऊन उठत. त्यानंतर ज्यांना तो धडा कळला नाही त्यांच्यापाशी बसून तोच पुन्हा सांगणारा तो मुईद. अरबीत ‘इआदा’ म्हणजे पुनरावृत्ती; त्यावरून हे नाव आले. बगदादचा निजामिया मदरसा इ.स. १०६७ मध्ये सुरू झाला आणि शेख अबू इसहाक शीराजी (रह.) त्याचे पहिले मुदर्रिस झाले. ज्यांच्या दर्सला बगदादचे विद्वान येऊन बसत, त्या शीराजींनी त्यापूर्वी आपले गुरू काझी अबू तय्यिब तबरी यांच्या वर्गात मुईदचेच काम केले होते.

दमास्कसचे काझी ताजुद्दीन सुबकी (मृत्यू इ.स. १३७०) यांनी एका ग्रंथात समाजातील एकेका पदाची जबाबदारी सांगितली आहे. सुलतान, वजीर, काझी यांच्याबरोबर त्यात मुईदही आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मुईदने इतरांप्रमाणे धडा ऐकून घेणे पुरेसे नाही, त्याच्यावर त्याहून अधिक काही देणे लागते. मागे राहिलेल्यांना समजावून सांगणे आणि त्यांचा लाभ होईल असे करणे, हे ते देणे. ते त्याने फेडले नाही, तर तो आणि कोणताही साधा विद्यार्थी सारखेच ठरतात आणि त्या पदाबद्दल अल्लाहचे आभार मानणे त्याच्याकडून राहून जाते. योगायोग असा, की ग्रंथाच्या नावातही ‘मुईद’ हा शब्द आहे. तिथे त्याचा अर्थ ‘गेलेली नेमत परत आणून देणारा’ असा आहे.

आमच्या मदरशात हे पद नव्हते, परंतु त्याची सावली ‘तकरार’च्या रूपाने होती. इशाच्या नमाजनंतर चार-पाच जण एकत्र बसत आणि त्यांतील एक जण दिवसाचा धडा पुन्हा म्हणून दाखवी. मराठीत ‘तकरार’ म्हणजे गाऱ्हाणे. आमच्या त्या बैठकीत मात्र तो पुनरुच्चार होता. दिवसा उस्तादांसमोर तोंड उघडायला घाबरणारी मुले तिथे निःसंकोच विचारत.

हे सारे आठवण्याचे कारण आजचे आहे. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० रुपये, पदवीधरास १०,००० रुपये, आणि मुदत सहा महिने; पुढे ती पाच महिन्यांनी वाढली. या योजनेतून अनेक तरुण-तरुणी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांच्या मदतीला गेले. आमच्या वऱ्हाडातील मुस्लिम घरांतील मुलेमुलीही त्यांत होती. चिखलदऱ्याच्या बाजूला अशाच कामावर जाणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी जुम्याच्या नमाजनंतर मला थांबवून विचारले, “मौलाना, पोरगी बी.ए. झाली आणि हे काय काम करते? धड मास्तरीण नाही, धड शिपाई नाही. सहा महिन्यांनी घरी. इतक्या लांब घाट चढून जाण्यात काही अर्थ आहे का?”

त्यांच्या प्रश्नात दोन प्रश्न होते आणि ते वेगळे करणे मला आवश्यक वाटते. पहिला, हे काम किती मोठे आहे? दुसरा, जे काम तात्पुरते आहे, अल्प मोबदल्याचे आहे आणि ज्याचा हिशेब कोणी विचारत नाही, ते किती मनापासून करावे?

पहिल्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी ती शाळा डोळ्यांसमोर आणली पाहिजे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. पर्यटकाला तिथे धुके, गाविलगड आणि कॉफीचे मळे दिसतात. तालुक्यातील गावे मात्र सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली आहेत आणि त्यांतील बहुसंख्य घरे कोरकूंची आहेत. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ लागले की अनेकवचन. कोरकू म्हणजे माणसे. त्यांची भाषा मराठीची बोली नव्हे. ती संथाळी आणि मुंडारीच्या कुळातली, मराठीशी रक्ताचे नाते नसलेली भाषा आहे. तिथे पाण्याला ‘डा’ म्हणतात. सहा वर्षांचे मूल पहिलीत येते तेव्हा फळ्यावरचे अक्षर त्याला नवे असते, आणि ते अक्षर ज्या शब्दासाठी आहे तो शब्दही नवा असतो. आपल्या मुलांना एकच डोंगर चढायचा असतो, त्याला एकावर एक दोन.

शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता, म्हणजे एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग आपोआप वाऱ्यावर. त्यात एक गुरुजी बैठकीला किंवा सर्वेक्षणाला गेले, की सारी शाळा एकाच्या गळ्यात. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे मजुरीसाठी डोंगर उतरतात आणि होळीला परततात. त्यांची मुले परत येतात तेव्हा पुस्तक फार पुढे गेलेले असते. अशा मुलाला कोणी नवा धडा द्यायचा नसतो. जुनाच धडा कोणीतरी पुन्हा द्यायला हवा असतो. मुईदची जागा तीच.

या शाळांत शासनाने न नेमलेला एक मुईद पुष्कळदा आधीच हजर असतो, हेही सांगितले पाहिजे. खिचडी शिजवणारी बाई गावातलीच असते. गुरुजींचे मराठी वाक्य ऐकून गोंधळलेल्या पोराला ती चुलीपासूनच कोरकूत दोन शब्द सांगते आणि पोर कामाला लागते. तिच्या मानधनात या कामाचा एक पैसाही धरलेला नसतो.

आता कुरआनकडे वळू या. हजरत मूसा (अलै.) यांना फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा त्यांनी मागितलेली दुआ सूरह ताहामध्ये आहे. त्यांनी सैन्य मागितले नाही की खजिना मागितला नाही. छाती मोकळी व्हावी, काम सोपे व्हावे, जिभेची गाठ सुटावी म्हणजे लोकांना आपले बोलणे समजेल, हे मागितले. आणि घरातला एक सहायक मागितला, आपला भाऊ हारून. सूरह कससमध्ये कारणही दिले आहे : हारूनची वाणी माझ्यापेक्षा स्पष्ट आहे. एवढा थोर पैगंबर, ज्याच्याशी अल्लाहने थेट संवाद केला, तो म्हणतो की माझे म्हणणे पोहोचण्यासाठी मला सोबत कोणीतरी हवे. संदेश त्याच्याकडे आहे, तो पोहोचवण्यास दुसऱ्याची जीभ लागते. त्या मुलीच्या वडिलांना मी हाच प्रसंग सांगितला. सहायक मागणाऱ्यात काही उणे राहते असे कोणी म्हणणार नाही, मग सहायक होणाऱ्यातच ते का शोधावे?

हजरत हारून (अलै.) यांच्या कथेचा दुसरा भाग आपण फारसा सांगत नाही. मूसा (अलै.) तूर पर्वतावर गेले आणि कौम हारूनच्या हवाली राहिली. मागे वासराची पूजा सुरू झाली. हारूननी समजावले, लोकांनी जुमानले नाही, उलट ते अंगावर धावून आले. मूसा (अलै.) परतले ते संतापून, आणि पहिला हात पडला तो भावाच्या केसांना आणि दाढीला. गुरुजी बैठकीला गेलेले असताना वर्ग सांभाळणाऱ्या प्रत्येक मदतनिसाने ही कथा वाचावी. जबाबदारी पूर्ण, अधिकार अर्धा, आणि काही बिनसले तर जाब आधी त्यालाच. हारूननी तेव्हा दिलेले उत्तर फार शांत आहे. तू कौमेत फूट पाडलीस असे तू म्हणशील, याची मला भीती वाटली, असे ते म्हणाले. तेव्हा मूसांनी आपल्यासाठी आणि भावासाठी एकत्र क्षमा मागितली, असे सूरह आराफमध्ये आहे.

भाषेविषयीही एक गोष्ट. प्रत्येक पैगंबर त्याच्या कौमच्या भाषेतच पाठवला गेला, हे कुरआनचे स्पष्ट विधान आहे आणि भाषांची विविधता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक आहे, हेही. मदीनेत प्रेषित (स.) यांनी तरुण हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले आणि त्यांनी ती अर्ध्या महिन्यात आत्मसात केली, असे तिर्मिजीच्या हदीसमध्ये येते. जैद (रजि.) यांची बुद्धी आपल्याकडे नाही, हे मान्य, परंतु सहा महिन्यांत कोरकूतले शंभर शब्द शिकण्यास तेवढी बुद्धी लागतही नाही. राज्यघटनेचे कलम ३५० (क) भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगते. ते १९५६ पासून घटनेत आहे. उर्दू शाळांसाठी आपण याच तत्त्वाचा आधार घेतो. तेव्हा कोरकू मुलाच्या बाबतीत आपल्याला त्याचा विसर पडणे बरे दिसत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. हनफी फिकहमध्ये नोकराचे दोन प्रकार सांगितले आहेत. शिंप्यासारखा ‘अजीर-ए-मुश्तरक’, ज्याला कामाचे दाम मिळतात. आणि ‘अजीर-ए-खास’, ज्याने आपला वेळ विकलेला असतो. शाळेतला मदतनीस दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो ठरलेल्या वेळी हजर राहिला आणि त्याला कोणी काम सांगितलेच नाही, तरी त्याचा मोबदला हलाल आहे. यावरून एखादा म्हणेल, मग प्रश्नच मिटला, खुर्चीवर बसून राहू. पण याच नियमाची दुसरी बाजू कडक आहे. विकलेला वेळ आता त्याचा उरलेला नसतो. त्या वेळेत फर्ज नमाज पढावी, पण परवानगीशिवाय नफ्ल पढू नये, असे फकीहांनी लिहून ठेवले आहे. जिथे नफ्ल नमाजला ही अट आहे, तिथे मोबाइलचे काय ते वाचकांनीच ठरवावे.

मात्र याच ठिकाणी आम्हा मंडळींच्या वाणीला एक सवय आहे, तिच्याबद्दल बोलले पाहिजे. कमी पैशात राबणाऱ्याला आम्ही फार लवकर ‘सवाब अल्लाहकडे आहे’ असे सांगून मोकळे होतो. सवाब अल्लाहकडे आहे, यात शंका नाही. परंतु मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः फिर्यादी असेल, ही हदीसही बुखारीतच आहे. शिक्षकाचे काम करून घ्यायचे आणि नाव प्रशिक्षणार्थीचे द्यायचे, असे जिथे घडते तिथे त्या तरुणाने आपला हक्क सनदशीर मार्गाने मागितला, तर त्याच्या इख्लासमध्ये काहीही कमी होत नाही. निष्ठेचा उपदेश एकट्या दुर्बलालाच ऐकवायचा, हा न्याय इस्लामचा नाही.

पण हक्काचा हा झगडा सुटेपर्यंत पहिलीतले मूल थांबू शकत नाही, आणि सगळी अडचण इथेच आहे. कारखान्यातला मजूर काम थांबवतो तेव्हा लोखंड तसेच पडून राहते. मुलाचे सहावे वर्ष पडून राहत नाही. म्हणून माझे मत असे झाले आहे, की मोबदल्याचा करार शासनाशी आहे आणि अमानतीचा करार त्या मुलाशी आहे. पहिल्यात उणीव आहे म्हणून दुसरा मोडता येत नाही. हे मत सर्वांना पटेल असे नाही. माझ्या एका आलिम मित्राला ते पटलेले नाही. तो म्हणतो, अशाने पिळवणुकीला धार्मिक आधार मिळतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच वरचा परिच्छेद या परिच्छेदाच्या आधी लिहिला आहे.

मुलाशी वागावे कसे, याबद्दल फार सांगण्याची गरज नाही. हजरत मुआविया बिन हकम सुलमी (रजि.) नवीन मुसलमान झाले होते, ते नमाज चालू असतानाच बोलले. आजूबाजूचे लोक डोळे वटारू लागले. नमाज संपल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना ना मारले, ना झिडकारले, नमाजमध्ये काय बोलावे तेवढे सांगितले. त्या आधी आणि त्या नंतर असा शिक्षक पाहिला नाही, असे ते पुढे सांगत. आपल्या २००९ च्या कायद्यानेही शाळेत मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे यांवर बंदी आहे. तरीही छडी अनेकदा मदतनिसाच्याच हाती दिली जाते, ‘जरा गप्प बसव यांना’ म्हणून. ती त्याने घेऊ नये.

राहिली मुदत. सहा महिने म्हणा की अकरा, एके दिवशी हा मुईद डोंगर उतरणारच. मूल मात्र तिथेच राहते आणि नव्या माणसाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. अमानत जिची तिला परत करावी, ही कुरआनची आज्ञा आपण पैशांपुरती समजतो. मी त्या मुलीला निरोप पाठवला, की जाण्यापूर्वी एक वही कर आणि मुख्याध्यापकांच्या हाती दे. प्रत्येक मुलाला एक पान. कोण कोणत्या अक्षरापर्यंत आला आहे, कोणाला बेरीज येते पण हातचा जमत नाही, कोण होळीनंतर आला, कोणाला मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, कोणाची मोठी बहीण त्याला कोरकूतून समजावून देते आणि ती कितवीत आहे, आणि नाव विचारले की मान खाली घालणारे कोणते मूल मोहाच्या झाडाबद्दल विचारले तर न थांबता बोलत सुटते.