कुंपण, शेत आणि मेंदूज्वर

जंतूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात तान्ह्या बाळाची टाळू फुगते. मणक्यातून पाणी काढावं, तर एरवी नितळ असणारं ते पाणी गढूळ निघतं. निरोगी मुलाच्या या पाण्यात घन मिलिमीटरमागे जेमतेम पाच पेशी असतात. इथे त्या हजारांनी सापडतात, आणि बहुतेक न्यूट्रोफिल. म्हणजे हा गढूळपणा जंतूंचा कमी, आपल्याच पांढऱ्या पेशींचा जास्त.

डॉक्टर क्विंकेनं १८९१ मध्ये मणक्यातून पाणी काढण्याची रीत रूढ केली, तेव्हा पांढऱ्या पेशी जंतू गिळतात हे शास्त्रज्ञ मेचनिकॉफनं दाखवून झालं होतं. तेव्हा पेशी जमल्या म्हणजे बचाव चालू आहे, असं वाटणं साहजिकच होतं. मग पेनिसिलिन आलं, मुलं वाचू लागली. पण वाचलेल्यांपैकी कित्येकांना ऐकू येईनासं होई. जंतू तर मेले होते!

उत्तर मिळालं १९८० च्या दशकात, सशांवरच्या प्रयोगांतून. मेंदूज्वर करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूच्या, तोही मेलेल्या, भिंतीचे नुसते तुकडे मणक्यातल्या पाण्यात सोडले तरी तीच जळजळ उसळली. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीबाहेर पडूच दिलं नाही, तेव्हा मेंदूची हानी घटली. कुंपणच शेत खात होतं. प्रतिजैविकानं जंतू फुटतात, तुकडे सांडतात आणि पेशी आणखी चवताळतात; म्हणून जळजळ दाबणारं डेक्सामेथासोन प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाच्या आधी किंवा सोबत द्यायचं. १९८८ मध्ये डॅलसच्या डॉक्टरांनी २०० मुलांच्या अभ्यासात दाखवलं, की डेक्सामेथासोननं बहिरेपण बरंच टळतं.

वाटलं, कोडं सुटलं. पण २००२ मध्ये मलावीतल्या सुमारे ६०० मुलांवर त्याच औषधाचा काही उपयोग दिसला नाही. तिथली मुलं रुग्णालयात उशिरा पोचत, अनेक कुपोषित, अनेकांना एचआयव्ही. 

पेशी आवरून भागत नाही, तर मेंदूज्वर होऊच नये यासाठीचा खरा धागा जुनाच होता. १९३३ मध्ये फोदरगिल आणि राइट यांनी हिमोफिलस जंतूबाबत दाखवलं होतं, की नवजात बाळाचं रक्त आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे तो मारतं, मोठ्यांचं स्वतःच्या; मधल्या काही महिन्यांपासून तीनेक वर्षांपर्यंतच्या मुलांचं मात्र मारत नाही. आणि मेंदूज्वर नेमका त्याच वयात जास्त. जंतूचं कवच साखरेचं, आणि दोन वर्षांखालच्या मुलाच्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी नुसत्या साखरेला दाद देत नाहीत. तीच साखर एखाद्या प्रथिनाला जोडली की टी-पेशी मदतीला येतात, स्मृती तयार होते. अमेरिकेत १९९० पासून तान्ह्यांना ही जोडलस मिळू लागली आणि हिबचा (हिमोफिलसच्या 'बी' प्रकाराचा) मेंदूज्वर तिथल्या वॉर्डांतून जवळपास नाहीसा झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं हीच युक्ती मेनिंगोकोकस या मेंदूज्वराच्या दुसऱ्या जंतूच्या 'ए' गटासाठी वापरली. ती लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोठ्या मोहिमेत दिली गेली. 'ए' मागे हटला, पण सी, डब्ल्यू, एक्स हे गट उरलेच. म्हणून आता पुण्यातूनच पाच गटांची लस निघते.