परतफेड कशाची?

१७८० साली, अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, मॅसॅच्युसेट्स राज्यापुढे एक पेच उभा राहिला. शिपायांचा पगार कागदी चलनात ठरला होता आणि ते चलन लढाईच्या धामधुमीत मातीमोल झाले होते. ठरलेला आकडा हातावर टेकवून राज्याला मोकळे होता आले असते. त्याऐवजी शिपायांना रोखे दिले गेले आणि त्यांवर चार वस्तू छापल्या गेल्या: पाच बुशेल मका, अडुसष्ट पौंडांहून किंचित जास्त गोमांस, दहा पौंड लोकर आणि जोड्याच्या तळाचे सोळा पौंड चामडे. फेडीच्या वेळी या वस्तूंना जे पैसे पडतील, त्या प्रमाणात मुद्दल आणि सहा टक्के व्याज चुकते करायचे. ज्याने रक्त सांडले त्याला निदान तेवढाच मका आणि तेवढेच चामडे घेता यावे, एवढी चाड त्या कागदात होती.

सरकारी रोखा सुरक्षित असतो असे आपण म्हणतो आणि ते खरेच आहे. सहकारी बँका अडचणीत आल्यावर ठेवीदारांचे झालेले हाल महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले आहेत. पण मुद्दल बुडणार नाही म्हणजे ते झिजणार नाही, असे नाही.

ही झीज भरून देणारे रोखे आपल्याकडेही येऊन गेले. डिसेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य बचतदारांसाठी महागाई निर्देशांकाशी जोडलेले राष्ट्रीय बचत रोखे आणले. मुदत दहा वर्षे, ग्राहक किंमत निर्देशांकानुसार जेवढी महागाई तेवढे व्याज आणि वर दीड टक्का. लोक फारसे फिरकले नाहीत. ३१ मार्च २०१४ ला विक्री बंद झाली आणि तो विषय मागे पडला. मला हे फार लवकर सोडून दिल्यासारखे वाटते.

आता निवृत्त माणूस बँकेत जाऊन ‘आरबीआय बॉण्ड’ मागतो, तेव्हा त्याला मिळतो २०२० सालचा बदलत्या दराचा बचत रोखा. मुदत सात वर्षे, व्याज सहामाही, दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा ०.३५ टक्क्याने जास्त. जुलै २०२३ मध्ये तो ८.०५ टक्के झाला. दराचा आढावा १ जानेवारी आणि १ जुलैला होतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ताही याच दोन तारखांपासून वाढतो, पण तो बाजारातले भाव पाहून. रोख्याचा दर भाव पाहत नाही. एकाच सरकारकडे येणाऱ्या दोन माणसांना ही दोन मापे का?

यावर एक रास्त आक्षेप आहे. रोख्याचे व्याज करातून जाते, आणि कर तोही भरतो ज्याच्या गाठीला बचतीचा एक रुपया नाही. काडेपेटी घेणारा मजूरसुद्धा त्यात आला. म्हणून असे संरक्षण श्रीमंतांच्या अमर्याद पैशाला मिळू नये. २०१३ च्या रोख्यांना सुरुवातीला वर्षाला पाच लाखांची मर्यादा होती, ती योग्यच होती. तेवढी मर्यादा ठेवून, साठी ओलांडलेल्यांसाठी तरी, सरकारने ते रोखे पुन्हा आणावेत.

तोवर ज्यांच्याकडे आजचे रोखे आहेत त्यांनी एक हिशेब मांडावा. एक लाखावर ८.०५ टक्क्यांनी सहामाहीला ४,०२५ रुपये येतात. ते सगळे खर्च झाले आणि महागाई पाच टक्के राहिली, तर सात वर्षांनी हाती येणाऱ्या लाखाची किंमत आजच्या ७१ हजारांएवढी असेल. मुद्दल राखायचे तर दर सहामाहीला अडीच हजार बाजूला टाकून निदान महागाईइतक्या व्याजावर ठेवायला हवेत. घरखर्चाला उरतात १,५२५, आणि उत्पन्न करपात्र असेल तर कर मात्र पूर्ण ४,०२५ वर लागतो.